भंगार कोणाला म्हणता?

मागच्या उन्हाळ्यात दारात भंगारवाला आला. टेम्पो बांधाला लावला, सरळ शेडात शिरला आणि ट्रॅक्टरच्या बॉनेटवर थाप मारून म्हणाला, "काका, हा किलोवर देऊन टाका. उगाच जागा अडवतोय." पोरगा त्याच्या मागंच उभा होता. त्यानंच बोलावलं होतं, हे मला नंतर कळलं. मी भंगारवाल्याला चहा पाजला आणि वाटे लावला. पोराशी मात्र तेव्हा बोललो नाही. त्याला जे सांगायचं होतं ते इथं लिहितो, कारण असे पोरगे गावोगावी आहेत आणि असे बापही.

आमचा ट्रॅक्टर एचएमटी २५११. पंचवीस हॉर्सपॉवर, दोन सिलिंडर. मी १९७६ ला दहावी झालो आणि पुढच्या वर्षी तो दारात आला. बहात्तरचा दुष्काळ बघितलेल्या माझ्या बापानं कर्ज काढून घेतला. बापाच्या मनगटावर घड्याळही एचएमटीचंच. गावात लोक म्हणायचे, "आण्णांचा वेळ बी एचएमटीचा अन्‌ नांगर बी." आज ती चावीची घड्याळं शहरातले लोक शोधून शोधून, चढ्या भावानं घेतात, जपतात, एकमेकांना दाखवतात. त्याच कंपनीच्या ट्रॅक्टरला मात्र किलोचा भाव. मनगटावर बसतो तो वारसा, आणि चिखलात चालतो तो भंगार! हा न्याय मला पटत नाही.

या ट्रॅक्टरचं कूळ सांगतो. झेकोस्लोव्हाकियात ब्रनो नावाचं शहर, तिथं बंदुकांचा कारखाना होता. इंग्रजांच्या ब्रेन गनचं मूळ तिथलंच; नावातला 'ब्र' ब्रनोचा. महायुद्ध संपल्यावर १९४६ साली त्याच कारखान्यातून झेटॉर ट्रॅक्टर बाहेर पडू लागला. पुढे त्यांनी दोन, तीन आणि चार सिलिंडरचे ट्रॅक्टर असे बनवले की एकाचे पुष्कळ भाग दुसऱ्याला चालावेत. १९७१ साली एचएमटीनं त्यांच्याशी करार करून हरियाणात पिंजोरला तो बनवायला घेतला. बडोद्यातही झेक मदतीनं हिंदुस्तान ट्रॅक्टर निघाला. नाशकात किर्लोस्करांनी जर्मनीच्या डॉइट्झची साथ घेतली. १९५९ ला फरिदाबादला आयशरचा हवेवर गार होणारा ट्रॅक्टर आला, त्याचं मूळ बव्हेरियातल्या दोन भावांच्या कारखान्यात. ही नावं आज किती जणांच्या तोंडी आहेत? पण हरितक्रांती म्हणून जे शाळेच्या पुस्तकात शिकवतात, त्यात बियाणं आणि खत यांच्या जोडीला ही यंत्रंही राबली. सगळं श्रेय दोन-चार मोठ्या नावांनी खाल्लं.

आता विरोधकांचं ऐकू. पोरगा म्हणतो, "नाना, याला पॉवर स्टेअरिंग नाही, धूर ओकतो, ब्रेकचा भरोसा नाही, उलटला तर वर दांडा नाही. चांगल्या कंपनीचा पन्नास एचपीचा घेऊ." त्याचं निम्मं खरं आहे आणि ते मी कबूल करतो. भरल्या उसाच्या ट्रॉलीला, घाटाच्या उताराला हा ट्रॅक्टर लावू नये. लावणारा माणूस मूर्ख. पीटीओला झाकण नसेल तर आधी झाकण बसवा, मग मळणी करा; धोतराचं टोक अडकून माणूस गेलेला मी या डोळ्यांनी पाहिलाय. जुनं ते सोनं असं म्हणणारा मी नाही. जुन्यात पितळही लई असतं.

पण उरलेलं निम्मं? आमची जमीन साडेतीन एकर, तीही भावाभावांत वाटून तीन तुकड्यांत. २०१५-१६ च्या कृषी गणनेत महाराष्ट्रातली सरासरी धारणा दीड हेक्टरच्याही खाली आली. एवढ्या रानात पन्नास एचपी काय करणार? वरंब्यावर वळायलाच अर्धा एकर लागेल. पन्नासचा हप्ता साडेतीन एकरातून निघत नाही, म्हणून पोरं दुसऱ्याची रानं नांगरायला रात्र रात्र फिरतात. हप्ता भरायला भाड्याची नांगरट आणि भाडं मिळावं म्हणून नवा ट्रॅक्टर, असं ते चक्र आहे. ट्रॅक्टर शेतासाठी की शेत ट्रॅक्टरसाठी, हेच कळेनासं होतं. माझा म्हातारा मोगडा ओढतो, वखर ओढतो, फवारणीचं पाणी नेतो, शेणखत टाकतो. कर्ज शून्य.

आणि दुरुस्ती. आमच्या तालुक्याच्या गावातला मिस्त्री, शिक्षण चौथी. ट्रॅक्टर सुरू केला की तो डोळे मिटून ऐकतो आणि सांगतो, "मागच्या सिलिंडरचं नोजल गळतंय." याचे लायनर ओले, म्हणजे बाहेरून पाणी फिरतं. झिजले की उपसून नवे घालायचे, इंजिन बोअर करायला शहरात न्यायचं काम नाही. एका सालात हायड्रॉलिकचा बुश कुठंच मिळेना. एका दुकानदारानं तर तोंडावर सांगितलं, "असले मॉडेल आता कोण वापरतं?" मिस्त्रीनं जुना बुश लेथवाल्याकडे नेला आणि तिसऱ्या दिवशी नवा करून आणला. आज सहा वर्षं झाली, टिकून आहे. हा मिस्त्री पासष्टीचा आहे. त्याच्या पोरानं मोबाईलचं दुकान टाकलंय. मिस्त्री गेला की त्याच्या कानातली विद्याही सरणावर जाणार. माझी खरी चिंता ती आहे, लोखंडाची नाही.

मला राग दोघांचा येतो. पहिला, जो कापून विकतो. दुसरा, जो पूजतो. दुसरा शहरातून येतो. असला ट्रॅक्टर विकत घेतो, मूळ रंगावर भलताच भडक रंग मारतो आणि हॉटेलच्या फाटकावर उभा करतो. इंजिनात पाणी, सीटखाली चिमण्यांची घरटी, पाहुणे वर चढून फोटो काढतात. अहो, ट्रॅक्टर म्हणजे काही भुसा भरलेला वाघ नव्हे. इंजिन महिनोन्‌महिने फिरलं नाही की रिंगा चिकटतात, पंप गंजतो. ज्याला खरंच प्रेम आहे त्यानं तो आठवड्याला एकदा तरी सुरू करावा, वर्षात चार तास रान नांगरावं.

२०१६ साली केंद्र सरकारनं एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करायचा निर्णय घेतला. तोट्यातला कारखाना चालवा, असं मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणतो, की जनतेच्या पैशानं उभ्या राहिलेल्या कारखान्याचे सुट्या भागांचे नकाशे आणि मापं जनतेची असतात. ती आयटीआयला द्या, म्हणजे लेथवाल्याला जुना तुकडा घेऊन अंदाजानं कापावं लागणार नाही. राहुरी, अकोला, परभणी, दापोली इथं आपली चार कृषी विद्यापीठं आहेत. तिथं एकेक शेड करा, त्यात अशी विसरलेली नावं चालत्या स्थितीत ठेवा, आणि आमच्या मिस्त्रीसारख्याला दोन महिने शिकवायला बोलवा. प्रमाणपत्र नसलं तरी बोलवा.

पोराला शेवटी मी एकच अट घातली आणि तीच तुम्हाला सांगतो. तुमच्या गोठ्यामागं असा पत्रा निघालेला, नाव पुसलेला ट्रॅक्टर उभा असेल, तर भंगारवाल्याला फोन करण्याआधी एक रविवार त्याला द्या. टाकीतलं जुनं डिझेल काढा. ऑइल बदला, फिल्टर बदला, रेडिएटरला पाणी घाला. इंजिन आधी हातानं फिरवा. फिरत नसेल तर नोजल काढून सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा आणि रात्रभर थांबा. सकाळी पाइपातली हवा काढा आणि सेल्फ मारा.

आमच्या पोरानं असंच केलं. पाचव्यांदा सेल्फ मारल्यावर धूर निघाला, मग टकटक लागली. भंगारवाल्याचा नंबर अजून त्याच्या मोबाईलमध्ये आहे. फोन मात्र अजून केलेला नाही.