विश्लेषण : न्यायमूर्तींच्या नियुक्तीला आक्षेप, न्यायालयात तो का टिकत नाही?

भाजपच्या माजी प्रवक्त्या आरती साठे यांच्या नावाची मुंबई उच्च न्यायालयासाठी जुलै २०२५ मध्ये शिफारस झाली, तेव्हा आमदार रोहित पवार यांनी आक्षेप घेतला. साठे यांनी जानेवारी २०२४ मध्येच पक्ष सोडला होता, असे भाजपने सांगितले. पुढे नियुक्ती झाली. अशा आक्षेपांना कायद्यात जागा किती?

पात्रता आणि योग्यता यांत फरक काय?

अनुच्छेद २१७ नुसार भारतीय नागरिकत्व आणि न्यायिक पदाचा किंवा उच्च न्यायालयातील वकिलीचा १० वर्षांचा अनुभव आवश्यक. ही पात्रता, ती न्यायालय तपासू शकते. १९९२ मध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयासाठी निवडलेले के. एन. श्रीवास्तव या निकषात बसत नसल्याने सर्वोच्च न्यायालयाने त्यांची नियुक्ती रद्द केली. उमेदवार नि:पक्षपाती राहील का, हा मात्र योग्यतेचा प्रश्न. तो न्यायवृंदाने ठरवायचा.

गौरी प्रकरणात काय झाले?

ॲड. व्हिक्टोरिया गौरी यांनी अल्पसंख्याकांविरोधात द्वेषमूलक वक्तव्ये केल्याचा आरोप करत मद्रास उच्च न्यायालयातील काही वकील सर्वोच्च न्यायालयात गेले. ७ फेब्रुवारी २०२३ रोजी न्या. संजीव खन्ना आणि न्या. भूषण गवई यांनी याचिका फेटाळली. आपलीही राजकीय पार्श्वभूमी होती, पण ती न्यायदानाच्या आड आली नाही, असे न्या. गवई म्हणाले. त्यांचे वडील रा. सू. गवई रिपब्लिकन पक्षाचे नेते होते. गौरी यांचा शपथविधी त्याच सकाळी झाला.

आक्षेप घ्यायचा कधी?

अडचण इथेच आहे. राज्य सरकारचे मत, गुप्तचर विभागाचा अहवाल, न्यायवृंदाची चर्चा हे सारे बंद दाराआड होते. नाव अधिकृतपणे कळते ते शिफारशीनंतर. अमेरिकेत सिनेटपुढे जाहीर सुनावणी होते. १९८७ मध्ये रॉबर्ट बोर्क यांना तिथे ५८ विरुद्ध ४२ मतांनी नाकारले गेले. पण तिथे मतदान बहुधा पक्षाच्या रेषेवरच होते.

नियुक्तीनंतर काय?

अतिरिक्त न्यायमूर्तींना कायम करताना फेरविचार होऊ शकतो. ‘पोक्सो’च्या वादग्रस्त निकालांनंतर नागपूर खंडपीठातील न्या. पुष्पा गनेडीवाला यांना कायम करण्याची शिफारस २०२१ मध्ये मागे घेण्यात आली. एकदा कायम झाल्यावर मात्र उरतो तो संसदेतील महाभियोगच. त्यामुळे आक्षेपाची दखल शिफारशीआधी घेतली जाणे आणि ती घेतल्याचे दिसणे महत्त्वाचे. पक्षकाराचा न्यायालयावरील विश्वास त्यावरच टिकतो.