गावाला समुद्र नाही, तरीही

हैदराबादच्या सुलतान बाजारात बसून सागरी जलतरणावर अंक? इथून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. पण पुण्यालाही समुद्र नाही. तरी तिथल्या रोहन मोरे यांनी 2018 मध्ये जगातल्या सात खडतर सामुद्रधुन्यांची मालिका पोहून पूर्ण केली. आपल्या हैदराबादच्या श्यामला गोली यांनी 2021 मध्ये, वयाच्या 47व्या वर्षी, पाल्कची सामुद्रधुनी पार केली.

समुद्र जवळ नसताना हे साधते ते सरावातून, म्हणून या अंकाचा भर विक्रमांपेक्षा सरावावर आहे. इंग्लिश खाडीसाठी आधी 16 अंश किंवा त्याहून थंड पाण्यात सलग सहा तास पोहून दाखवावे लागते. थंडी, खारे पाणी, भरती-ओहोटी, पोहता पोहता घ्यायचा आहार यांची तयारी तलावात कितपत होते, याचा शोध आम्ही घेतला आहे. तुमच्या घरातले कोणी पहाटे तलाव गाठत असेल, तर अनुभव जरूर कळवा.