सोलरवर घर गरम करायचंय? आधी आंघोळीची बादली बघा



परवा बॅचमधल्या एका मुलाने विचारलं, "मॅडम, थंडीत घर गरम ठेवायला सोलर चालतं का? डीलरशिप घेतोय. दोन लाख घालतोय, त्यातले दीड लाख कर्जाचे."

मी उलट विचारलं, "तुझ्या गावात किती घरांत रूम हीटर आहे?" तो गप्प बसला.

आपल्याकडे निफाडला पारा 5 अंशांच्या आसपास उतरतो. तरी आपण काय करतो? शेकोटी पेटवतो, गोधडी घेतो, सकाळी उन्हात बसतो. घर गरम करायला इथे कोणी खिशात हात घालत नाही. खर्च होतो तो आंघोळीच्या पाण्यावर. म्हणजे मार्केट तिथे आहे.

माझं मत स्पष्ट आहे. उष्णता हवी असेल तर ऊन थेट उष्णता म्हणूनच वापरा. नुसतं पाणी तापवायला कोणाला वीज बनवणारे पॅनेल विकू नका.

हिशोब करून बघू. घरात चार माणसं, प्रत्येकाला 25 लिटर पाणी. पाणी 20 अंशांवरून 45 अंशांवर न्यायचं तर साधारण 3 युनिट वीज लागते. युनिटला 8 रुपये धरा. रोजचे 24 रुपये, थंडीच्या महिन्यात 720 रुपये.

आता छतावर या. पॅनेल उन्हातल्या ऊर्जेची साधारण 20 टक्केच वीज करतं. पाण्याचा सोलर हीटर मात्र निम्मी किंवा त्याहून जास्त उष्णता सरळ पाण्यात उतरवतो. त्यामुळे 100 लिटरच्या हीटरला 2 चौरस मीटरच्या आसपासचा कलेक्टर पुरतो. तेच काम पॅनेल आणि गीझरवर करायचं तर जवळपास दुप्पट जागा लागते.

घर गरम करायचं म्हटलं तरी नियम हाच. लडाखमध्ये लेहजवळ सेकमोल संस्थेचा कॅम्पस आहे. जाड मातीच्या भिंती, दक्षिणेकडे मोठ्या काचा. दिवसा ऊन आत येतं, भिंती तापतात आणि रात्री तीच ऊब खोलीत राहते. बाहेर पाणी गोठत असताना मुलं आत आरामात अभ्यास करतात. उष्णतेसाठी मध्ये वीज आणलीच नाही.

मग पॅनेल वाईट का? अजिबात नाही. पूर्ण घराचं वीजबिल कमी करायचं असेल तर पॅनेलच द्या. 2024 मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78 हजारांपर्यंत अनुदान आहे. पण ते वीज बनवणाऱ्या पॅनेलला आहे, पाण्याच्या हीटरला नाही. कस्टमर या दोन्हीला 'सोलर'च म्हणतो आणि त्याची गल्लत होते. तुम्ही ती वापरून माल खपवू नका.

आता माझी चूक सांगते. दुकान नवीन होतं तेव्हा एका कस्टमरला मी ट्यूबवाला हीटर दिला. पाणी बोअरचं होतं. मी विचारलंच नाही, ऑर्डर मिळाली याच आनंदात होते. वर्षभरात क्षार जमला आणि पाणी तापेना. ट्यूब पदरच्या पैशाने बदलून दिल्या. मार्जिन तर गेलंच, वर त्याच्या दोन भावांची ऑर्डरही गेली.

तेव्हापासून चार गोष्टी बघितल्याशिवाय मी कोटेशन देत नाही:

1. पाणी कुठलं? बोअरचं जड पाणी असेल तर हीट एक्स्चेंजरवाला हीटर. महाग पडतो, पण टिकतो.
2. टाकीपासून बाथरूम किती लांब? 20 मीटर पाऊण इंची पाइपात साधारण 5 लिटर थंड पाणी अडकलेलं असतं. ते आधी वाहून जातं आणि कस्टमर म्हणतो, "सोलर चालत नाही." पाइप छोटा ठेवा, त्यावर इन्सुलेशन चढवा.
3. सावली पडते का? आणि फ्लॅट असेल तर टेरेस वापरायची सोसायटीची परवानगी आहे का?
4. पावसाळ्यात काय? ढगाळ दिवसांत बॅकअप लागणारच. हे विकण्याआधी सांगा. नंतर सांगितलं तर तीच गोष्ट फसवणूक वाटते.

त्या मुलाला मी एवढंच म्हटलं, "दोन लाखांचा माल आत्ता भरू नको. आधी गावातल्या वीस घरी जा. पाणी कशावर तापतं, महिन्याला किती खर्च होतो, पाणी कुठलं आहे, हे वहीत लिही. मग ठरव."

तो गेलाय वही घेऊन. तुम्हीही हप्ता सुरू व्हायच्या आधी एवढं करा. माल विकला की एकदाच पैसे मिळतात मित्रांनो. थंडीत सकाळी सहाला कस्टमरच्या नळाला गरम पाणी आलं, तर पुढची ऑर्डर तोच आणून देतो.