आपली मुले गुन्हेगारीशास्त्राकडे वळावीत

माजी विद्यार्थ्यांच्या यशाच्या नोंदी आपण स्मरणिकांतून अभिमानाने वाचतो. कोणी डॉक्टर झालेला असतो, कोणी अभियंता, तर कोणी तहसीलदार. गुन्हेगारीशास्त्राचा संशोधक अथवा न्यायसहायक विज्ञानाचा प्राध्यापक मात्र त्या यादीत क्वचितच आढळतो. ही उणीव एका व्यवसायापुरती मर्यादित नाही, असे आम्हांस वाटते. ज्या घरांनी पिढ्यानपिढ्या संशयाची झळ सोसली, त्याच घरांतील मुलांनी संशय आणि पुरावा यांतील अंतर मोजणाऱ्या शास्त्रापासून दूर राहावे, ही खेदाची गोष्ट आहे.

इंग्रजी राजवटीने १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला आणि कित्येक जमातींच्या बाबतीत जन्म हाच गुन्ह्याचा पुरावा ठरविला. त्यांच्या नोंदी झाल्या, हजेऱ्या सुरू झाल्या, सोलापूरसारख्या ठिकाणी त्यांना सेटलमेंटमध्ये कोंडण्यात आले. १९५२ साली हा कायदा रद्द होऊन या जमाती 'विमुक्त' झाल्या. परंतु कायदा गेला तरी नजर बदलली नाही.

त्याच राजवटीत, १८९७ साली कलकत्त्यास बोटांच्या ठशांचे कार्यालय सुरू झाले. तेथे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीयांनी ठशांचे १०२४ कप्प्यांत वर्गीकरण करण्याची पद्धत घडविली. पुढे ती जगभर गेली, ती मात्र त्यांच्या वरिष्ठ अधिकाऱ्याच्या, एडवर्ड हेन्री यांच्या नावाने. श्रेयाचा हा अन्याय लक्षात ठेवूनही एक गोष्ट मान्य करावी लागते. बोटाचा ठसा जात विचारीत नाही. तो एका माणसाचा असतो, जमातीचा नसतो.

पुराव्याकडे पाठ फिरविली की काय घडते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. २००३ साली जालना जिल्ह्यात भोकरदनजवळ एका शेतवस्तीवर दरोडा पडून पाच जणांची हत्या झाली. भटक्या जमातींतील सहा जणांना त्या प्रकरणी फाशीची शिक्षा झाली आणि २००९ साली सर्वोच्च न्यायालयानेही सहाही जणांना फाशीचीच शिक्षा सुनावली. त्यानंतर दहा वर्षांनी, मार्च २०१९ मध्ये, त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले. वाचलेल्या साक्षीदार स्त्रीने पोलिसांनी दाखविलेल्या छायाचित्रांतून प्रथम वेगळ्याच चार जणांना ओळखले होते, परंतु त्या दिशेने तपास झालाच नव्हता. न्यायालयाने प्रत्येकास पाच लाख रुपये भरपाई देण्यास सांगितले. पण कारागृहात गेलेली सुमारे सोळा वर्षे कोणती भरपाई परत आणणार? ज्यांची माणसे मारली गेली, त्या कुटुंबाच्या पदरी तरी काय पडले? निरपराध्यास शिक्षा होते तेव्हा खरा अपराधी मोकळा राहतो. अन्याय दोन्हीकडे होतो.

डीएनए चाचणीमुळे गुन्हेगार सापडतो, एवढेच सर्वसामान्यांस ठाऊक असते. प्रत्यक्षात इंग्लंडमधील लेस्टरशायर येथे १९८६ साली गुन्ह्याच्या तपासात ती प्रथम वापरली गेली, तेव्हा तिने आधी एका निरपराध मुलास सोडविले. तो सतरा वर्षांचा होता आणि त्याने कबुलीही दिली होती. कबुली खोटी होती, हे सर अ‍ॅलेक जेफ्रीज यांच्या चाचणीने दाखविले. खरा गुन्हेगार त्यानंतर हाती लागला.

तथापि, विज्ञान आपोआप निःपक्षपाती असते, असा आमचा भाबडा समज नाही. रक्ताने माखलेला कपडा ओला असतानाच प्लास्टिकच्या पिशवीत कोंबला तर तो कुजतो. तो सावलीत वाळवून कागदी पाकिटात सीलबंद करावा लागतो. मुद्देमाल कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेला, याची नोंद तुटली तर उत्तम प्रयोगशाळेचा अहवालही न्यायालयात लंगडा पडतो. पंचनामा लिहिणारा हात प्रशिक्षित आणि प्रामाणिक हवा. तो घडविण्यासाठी शिक्षक हवेत, आणि चुका शोधून त्या निर्भयपणे मांडणारे संशोधकही हवेत. या क्षेत्रातील अध्यापनाचे मोल येथेच आहे.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार सात वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करणे अपेक्षित आहे. ही व्यवस्था उभारण्यास राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. म्हणजे येत्या काळात तज्ज्ञांची आणि त्यांना शिकविणाऱ्यांची मोठीच गरज भासणार आहे. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे या विषयाच्या शासकीय संस्था आहेत. गांधीनगरचे राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ आहे. विज्ञान शाखेत नसलेल्यांनीही निराश होऊ नये. गुन्हा का घडतो, शिक्षा भोगून आलेला माणूस पुन्हा त्याच वाटेला का लागतो, शाळा सुटलेला मुलगा वाईट संगतीत जाण्यापूर्वी त्याला कसे सावरावे, हे प्रश्न समाजशास्त्र, मानसशास्त्र आणि विधी यांच्या अभ्यासकांचे आहेत. आपल्या कारागृहांतील सुमारे तीन चतुर्थांश बंदी कच्चे कैदी आहेत, हे वास्तवही अशाच अभ्यासकाची वाट पाहत आहे.

गुन्हा घडल्यावर शोधणे हे निम्मे काम झाले. तो घडूच नये अशी परिस्थिती निर्माण करणे हे उरलेले निम्मे. वसतिगृहाच्या एका खोलीत निरनिराळ्या गावांची, निरनिराळ्या परिस्थितीतील मुले एकत्र वाढतात, तेव्हा दुसऱ्याविषयी ऐकीव मत बनवू नये, हा धडा ती नकळत गिरवीत असतात. एखाद्याची पेटी उघडी सापडली म्हणजे प्रथम कोणावर बोट रोखले जाते, हेही त्यांनी पाहिलेले असते. त्या रोखलेल्या बोटास 'पुरावा काय?' असे शांतपणे विचारणारा विद्यार्थी या शास्त्राचा पहिला पाठ शिकलेलाच आहे. शिक्षकांनी आणि पालकांनी त्यास पुढची वाट दाखवावी, एवढीच आमची विनंती आहे.