कुलूपबंद घरांचा प्रश्न

भाडेकरू दाराला कुलूप लावून निघून जातो, भाडे थकते, पत्रे परत येतात, दूरध्वनी लागत नाही. आणि कुलूप तोडावे की न तोडावे, या विवंचनेत घरमालक पडतो. आयुष्याची पुंजी एका सदनिकेत घालून तिच्या भाड्यावर उतारवयाचा खर्च भागविणाऱ्या मध्यमवर्गीयाची ही विवंचना किती खरी आहे, हे आम्ही जाणतो. तथापि तिचे उत्तर हातोडी नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

बंद असलेले प्रत्येक घर हे टाकलेले घर नसते. २०२० च्या टाळेबंदीत मुंबई-पुण्यातील कितीतरी कामगार व विद्यार्थी भाड्याच्या खोल्यांना कुलपे घालून गावी गेले. त्यांची भांडीकुंडी, पुस्तके, प्रमाणपत्रे आतच राहिली. त्यांनी घर टाकले, असे कोण म्हणेल? आजारपण, अपघात, अटक, अशी कारणे मालकाला बाहेरून दिसत नाहीत. म्हणूनच १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्याच्या सहाव्या कलमाने असे ठरविले आहे की, संमतीवाचून व कायद्याचा मार्ग सोडून ज्याचा ताबा काढून घेतला, त्याला सहा महिन्यांच्या आत दावा लावून तो परत मागता येतो. मालकी कोणाची, हा प्रश्न तेथे गौण ठरतो. कुलूप तोडणारा मालक स्वतःच प्रतिवादी होऊन बसतो, तो असा.

मग त्याने करावे काय? भाड्याच्या व कायमच्या अशा दोन्ही पत्त्यांवर नोंदणीकृत डाकेने नोटीस धाडावी, नातलगांकडे व नोकरीच्या ठिकाणी चौकशी करावी, पोलिसांत वर्दी द्यावी, आणि त्या साऱ्याची कागदपत्रे जपावीत. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यान्वये, दाव्यापूर्वी सलग सहा महिने जागा सबळ कारणावाचून वापरात नसेल, तर ताब्यासाठी न्यायालयात जाता येते. करार ‘लिव्ह अँड लायसन्स’चा असल्यास मुदत संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते.

परंतु कायद्याचे पाऊल नेमके येथेच अडखळते. दावे वर्षानुवर्षे रेंगाळतात. अकरा महिन्यांचा करार करून तिसऱ्याच महिन्यात परागंदा झालेल्या माणसाच्या खोलीचे उरलेले महिने कसे काढावयाचे? आत राहिलेल्या सामानाचे काय करावयाचे? याची सुटसुटीत रीत आपल्या कायद्यात नाही. आणि जेथे सरळ वाट नसते, तेथे माणसे आडवाटेने जातात.

आमची सूचना साधी आहे. नोटिशीस ठराविक मुदतीत उत्तर न आल्यास सक्षम प्राधिकाऱ्याने पंचांसमक्ष दार उघडण्याचा हुकूम द्यावा. सामानाचा पंचनामा व्हावा, ते काही काळ सुरक्षित ठेवावे, नंतरच लिलाव करावा. थकबाकी वळती करून अनामतीची व लिलावाची उरलेली रक्कम भाडेकरूच्या नावे जमा राहावी. मालकाला यात न्याय आहे आणि परतणाऱ्या भाडेकरूलाही.

भाडेकरूंनाही दोन शब्द सांगितले पाहिजेत. घर सोडताना किल्ली हाती देऊन पोच घेणे, हा नुसता शिष्टाचार नव्हे. ते कर्तव्य आहे. घरांची टंचाई असलेल्या शहरात एक खोली निष्कारण बंद राहिली, तर तिसऱ्याच कुटुंबाचा आसरा हिरावला जातो. राज्य सरकारने कायद्यातील ही उणीव विनाविलंब दूर करावी.