फेसाने ग्लास भरतो, पोट नाही

गेल्या महिन्यात माझ्या भाचीने बोरीवली स्टेशनबाहेरच्या फुटपाथवरून एक छोटे यंत्र आणले. पेन्सिल सेलवर चालणारे, टोकाला बारीक स्प्रिंगचे कडे असलेले. कॉफीच्या दुकानात त्याला फ्रॉथर म्हणतात. माझ्या आईने ते हातात घेऊन पाहिले आणि म्हणाली, "अगं, ही तर रवीच! फक्त घुसळायला हात दुखत नाहीत." भाची एका मॉलमध्ये कॉफीच्या दुकानात कामाला आहे. दिवसभर दुसऱ्यांसाठी फेसाळ कॉफी करते. त्या संध्याकाळी पहिला कप तिने आजीला दिला. आईच्या ओठांवर पांढरी मिशी उमटली आणि घरभर हशा पिकला.

असे काही वस्तीत आले की लगेच कुणीतरी म्हणते, "कशाला हे श्रीमंती चोचले?" मला ते मान्य नाही. माझ्या आईने लहानपणी गावच्या हॉटेलबाहेर वेगळ्या ठेवलेल्या कपातून चहा प्यायला आहे. पिऊन झाला की तो स्वतः विसळून परत तिथेच ठेवायचा. त्या बाईने आज नातीच्या कमाईची कॉफी स्वतःच्या घरात, स्वतःच्या कपात प्यायली, तर त्यात चोचले कसले? चांगले खाणेपिणे ही कुणा एकाची मिरास नाही. माझे सांगणे एवढेच की मजा जरूर घ्या, पण फेसाला दूध समजू नका.

हे सांगायची वेळ आठवड्याभरातच आली. भाचीचा धाकटा भाऊ आठ वर्षांचा. दूध म्हटले की तोंड फिरवणारा. वहिनीने अर्धा ग्लास दूध घेतले, त्यात चिमूटभर कॉफी आणि दोन चमचे साखर घालून यंत्र फिरवले. ग्लास काठोकाठ भरला. पोराने गटागट संपवला. वहिनी खूश: "बघा वन्सं, आता पूर्ण ग्लास पितो!" पूर्ण कुठला? 200 मिलीच्या ग्लासात दूध होते 100 मिली, बाकी हवा. शंभर मिली दुधात साधारण 3 ग्रॅम प्रथिने आणि 120 मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. फेस कितीही चढवला तरी त्यात भर पडत नाही. म्हणजे मुलाचे दूध निम्म्यावर आले, वर साखर आणि कॉफी वाढली, आणि घरात सगळ्यांना वाटले की मुलगा दूध प्यायला लागला.

फेस येतो कसा, हे समजले की ही फसगत होत नाही. यंत्र दुधात हवा कोंडते आणि दुधातली प्रथिने त्या बुडबुड्यांभोवती पातळ पडदा धरतात. साय आणि स्निग्धांश जास्त असला तर तो पडदा लवकर मोडतो. म्हणून फेसासाठी महाग फुल क्रीम पिशवी लागत नाही. फुल क्रीम दुधात 6 टक्के स्निग्धांश असतो, टोन्डमध्ये 3 टक्के. स्वस्त टोन्ड दुधाचाही फेस छान येतो. दूध आधी नीट उकळावे, मग थोडे निवू द्यावे. उंच ग्लास अर्धाच भरावा, कडे दुधात बुडवूनच बटण दाबावे, नाहीतर भिंतीलाही कॉफी मिळते. वीस-तीस सेकंद पुरतात.

आता कॉफीविषयी. लहान मुलांना कॉफी देऊच नये. त्यांचे दूध साधे द्या, ग्लास मापून द्या. मोठ्यांनी साखर आवरावी. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाला सुमारे 25 ग्रॅम, म्हणजे सहा छोटे चमचे, एवढ्यावर ठेवली तर उत्तम. दिवसाचे चार चहा मोजा आणि त्यात ही कॉफी मिळवा. तयार कॉफीची पुडी घेताना मागची बाजू वाचा. जो पदार्थ सर्वांत जास्त, त्याचे नाव तिथे पहिले असते. कितीतरी पुड्यांवर ते नाव साखरेचे निघते.

आपल्या बायकांसाठी आणखी एक गोष्ट. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) देशातल्या 15 ते 49 वयोगटातल्या 57 टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. चहा-कॉफी अन्नातले लोह अंगी लागू देत नाही. म्हणून जेवणाआधी आणि जेवणानंतर तासभर कॉफी नको. आशाताईंनी दिलेली लोहाची गोळी तर दूध, चहा, कॉफी यांच्यासोबत कधीच घेऊ नका.

फेसाळले म्हणजे दूध अस्सल, असेही समजू नका. साबणाची पावडरही फेसाळते. मुंबईत पिशव्या फोडून त्यात पाणी मिसळून पुन्हा सील करणाऱ्यांवर अन्न व औषध प्रशासनाने आणि पोलिसांनी वेळोवेळी छापे टाकले आहेत. घरी सोपी परीक्षा करता येते. साबणाचा अंश नसलेल्या स्वच्छ बाटलीत थोडे दूध आणि तेवढेच पाणी घालून जोरात हलवा. चांगल्या दुधावर फेसाचा पातळ थर येतो. साबणासारखा दाट फेस आला तर दूध संशयास्पद समजा. ते पिऊ नका, पिशवी जपून ठेवा आणि प्रशासनाच्या 1800-222-365 या मोफत क्रमांकावर तक्रार करा. एकट्याला जड वाटत असेल तर चार घरांनी मिळून करा. वस्तीतली मुले सगळ्यांचीच आहेत.

आणि यंत्र स्वच्छ ठेवा. त्या स्प्रिंगच्या वेढ्यांत दूध अडकते, आपल्या दमट हवेत काही तासांत नासते. वापर झाला की लगेच गरम साबणपाण्यात फिरवा, मग स्वच्छ पाण्यात फिरवून कोरडे करा. मूठ मात्र पाण्यात बुडवू नका, आत मोटर असते.

आता वहिनीकडे नेम ठरला आहे. पोराला रोज साधे दूध, ग्लास भरून. यंत्र निघते रविवारी, विहारातून परत आल्यावर, मोठ्यांसाठी. पोरगा हट्ट करतो तेव्हा त्याच्या साध्या दुधाच्या पूर्ण ग्लासावर चमचाभर फेस ठेवतात. मिशी त्यालाही येते, आणि दूधही पुरते पोटात जाते.