विश्लेषण : महाडच्या गाळातील जनुकांना वेब-पत्ता का हवा?

महाड औद्योगिक वसाहतीतील रासायनिक सांडपाणी सामाईक प्रक्रिया केंद्रात येते. तिथे रसायने पचवण्याचे बरेचसे काम जिवाणू करतात. कोणता जिवाणू काय पचवू शकतो, हे गाळातील डीएनए वाचून कळते. नागपूरच्या ‘नीरी’ने सामाईक केंद्रांतील गाळाचा असा अभ्यास केला आहे. घोडे अडते ते नोंदीत.

एक प्रयोगशाळा ‘फिनॉल’ लिहिते, दुसरी ‘कार्बोलिक ॲसिड’. पदार्थ एकच, पण संगणकाला ते कळत नाही. एक्सेलने तर ‘मार्च१’ या मानवी जनुकाची तारीखच करून टाकली; अखेर २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी जनुकांचीच नावे बदलली!

सिमँटिक वेबमध्ये प्रत्येक गोष्टीला ठरलेला वेब-पत्ता असतो आणि नोंद तीन तुकड्यांत होते : हे जनुक – बनवते – हे विकर, हे विकर – तोडते – फिनॉल, हे जनुक – आढळले – महाडच्या गाळात. मग ‘फिनॉल तोडणारी जनुके महाडमध्ये आहेत का?’ असे थेट विचारता येते. ‘युनिप्रॉट’ हा प्रथिनांचा जागतिक कोशही याच पद्धतीने जोडता येतो. अर्थात, जनुक सापडले म्हणजे ते काम करतेच असे नाही. पाण्याची तपासणी टळत नाही.

फरिदाबादला भारतीय जैविक विदा केंद्र आहे. सरकारी पैशातून वाचलेला प्रत्येक नमुना तिथे अशा पत्त्यांसह जमा करण्याची अट हवी. सोबत कारखान्यांनी केंद्रात काय सोडले, हेही जोडावे. उद्योजक ‘व्यापारी गुपिता’ची ढाल पुढे करतील. पण उत्पादनाची कृती कोणी मागत नाही. हे पाणी शेवटी सावित्रीच्या खाडीत जाते.